सोलापुरातल्या बँकवाल्यांनो, एफडी मोडायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला जरा बसवा की

सोलापुरातल्या सगळ्या बँकांच्या मॅनेजर साहेबांना, मॅडमना, आणि खास करून काउंटरवर बसणाऱ्या ताई-दादांना,

नमस्कार.

माझं दुकान एका बँकेच्या समोर आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाईन फॉर्म, पॅन-आधारची कामं. कुठली बँक, कुठला रोड ते लिहित नाही, कारण हे एका शाखेचं भांडण नाही, नवी पेठ घ्या, होटगी रोड घ्या, जुळे सोलापूर घ्या, अशोक चौकाकडं जावा, सगळीकडं तेच चाललंय. तुमच्या काचेच्या दारातून आत यायच्या आधी माणूस बहुतेक वेळा माझ्याकडं येतो, पॅनची झेरॉक्स द्या, आधारची द्या, एफडीच्या पावतीची द्या. त्यामुळं कोण कशाला आत चाललंय हे मला तुमच्या आधी कळतंय. आणि फसलेला माणूस चार दिवसांनी परत माझ्याकडंच येतो, आता सायबर तक्रारीची प्रिंट काढायला, सोबत बँक स्टेटमेंटच्या झेरॉक्स. म्हणजे सुरुवात पण मी बघतो आणि शेवट पण मी बघतो. मधलं जे काय होतंय ते तुमच्या काउंटरवर होतंय, म्हणून हे पत्र तुम्हाला. पोलिसांना नाही, पेपरला नाही, तुम्हालाच.

एक रिटायर्ड मास्तर होते. नेहमी येणारे, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला दर नोव्हेंबरला यायचे आणि अर्धा तास राजकारणावर बोलल्याशिवाय जायचे नाहीत. त्या दिवशी आले तर तोंडातून शब्द नाही. मोबाईल शर्टाच्या खिशात, कॅमेरा बाहेरच्या बाजूला, स्क्रीन चालू. एफडीच्या पावत्यांची झेरॉक्स. मी म्हटलं, काय सर, सगळ्याच मोडलालाव का? तर म्हणाले, प्लॉट घेतोय. कुठं, तर उत्तर नाही, खिशाकडं हात. तेवढ्यात तुमच्यातल्याच एका शाखेत गेले, आणि तिथं काय चुकीचं झालं? काहीच नाही. सही जुळली, फॉर्म बरोबर भरला होता, केवायसी अपडेट होती, आरटीजीएस (मोठी रक्कम दुसऱ्या बँकेतल्या खात्यात पाठवायची सोय) पटकन झालं, उलट सिनियर सिटिझन म्हणून लाईनीत पुढं घेतलं. सगळं नियमानं. आणि जन्मभराची कमाई कुठल्यातरी 'ट्रेडर्स' नावाच्या करंट अकाउंटला गेली, ते पण अशा गावातल्या, ज्याचं नाव सरांनी कधी ऐकलं पण नव्हतं.

मला तुम्हाला एवढंच म्हणायचंय की फॉर्म बरोबर आहे का हे तुम्ही बघितलं, माणूस बरोबर आहे का हे कुणी बघितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल की आम्हाला काय स्वप्न पडतंय का. नाही पडत. पण जरा चोराच्या बाजूनं विचार करा. यूपीआयवरनं साधारण दिवसाला 1 लाख जातात. 20-30 लाख काढायचे तर त्याला आरटीजीएससारखी सोय लागते, आणि 70 वर्षांच्या माणसाकडं नेटबँकिंग बहुतेक नसतंच, असलं तरी त्यात नवीन बेनिफिशियरी टाकणं त्याला जमत नाही. म्हणजे चोराला तुमचा काउंटर लागतोच. फोनवर त्यानं त्या माणसाला दोन दिवस, चार दिवस कोंडून ठेवलेलं असतंय, सीबीआय म्हणून, ईडी म्हणून, मुंबई क्राईम ब्रँच म्हणून, तुमच्या आधारवर सिम घेतलंय, तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलंय, व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातला माणूस, मागं अशोकस्तंभ, सुप्रीम कोर्टाच्या नावाचा खोटा कागद व्हॉट्सॲपवर. आणि सगळ्यात मोठी अट कुठली, तर कुणाला सांगायचं नाही. मुलाला नाही, बायकोला नाही, शेजारी नाही, नाहीतर त्यांना पण अटक. त्या चार दिवसांत त्या माणसाला समोरासमोर भेटणारा, चोराच्या पगारावर नसलेला एकच माणूस असतो, तो म्हणजे काउंटरवरचा तुमचा माणूस. (दुसरा मी, पण माझ्याकडं फक्त पाच रुपयाचं काम असतंय, माझं ऐकायला कोण थांबतंय.)

फोनवरच्या ह्या कोंडण्यालाच डिजिटल अरेस्ट म्हणतात, आणि तसली गोष्ट कायद्यात नाही हे तुम्हाला माहिती आहे, पंतप्रधानांनी पण ऑक्टोबर 2024 च्या मन की बात मध्ये हे सांगितलं होतं, थांबा, विचार करा, मग काय ते करा म्हणून. फोन लावला की कॉलर ट्यूनला पण तेच ऐकून कान किटले होते. पण भ्यालेला माणूस कॉलर ट्यून ऐकत नसतो. हरयाणातल्या अंबाल्याच्या एका वयस्कर बाईंनी थेट सुप्रीम कोर्टाला लिहिलं, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये कोर्टानं स्वतःहून दखल घेतली, पुढं डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडं दिला. चोर ज्या कोर्टाच्या नावाचे खोटे कागद दाखवत होते त्याच कोर्टाला मध्ये पडायला लागलं. तर ह्यात शिकलेला-अडाणी असं काही नसतंय, डॉक्टर फसतात, बँकेतनं रिटायर झालेले फसतात. त्यामुळं "एवढे शिकलेले, कसे काय फसले" हे वाक्य तेवढं काउंटरवर बंद करा, ते ऐकून माणूस घरी जाऊन गप्प बसतो आणि तक्रार पण करत नाही.

मग करायचं काय. तुमच्यातलेच एक साहेब मला म्हणाले होते, पैसे त्यांचे, सही त्यांची, आम्ही अडवलं तर तेच आमच्यावर ओरडतात, वर कंप्लेंट टाकतात. खरंय ते. अडवू नका म्हणतो मी. बसवा. पाणी द्या. केबिनमध्ये घ्या आणि फोन बाहेर टेबलावर ठेवायला सांगा, "आत नेटवर्कला प्रॉब्लेम आहे, इथं ठेवा" काहीपण कारण सांगा, तुम्हाला कारणं सांगता येत नाहीत असं कोण म्हणेल! फोन लांब गेला की माणूस बोलायला लागतो. बोललाच नाही तर कागदावर लिहून पुढं सरकवा, 'तुम्हाला कुणी पोलीस म्हणून फोन केलाय का? मान हलवा.' एवढंच. ज्याच्या खात्यात दहा वर्षं पेन्शन येणं आणि लाईट बिल जाणं ह्याच्यापलीकडं काही झालं नाही, तो एकदम चार एफडी मुदतीआधी मोडतोय, व्याज सोडतोय, आणि पैसे परराज्यातल्या अनोळखी करंट अकाउंटला चाललेत, तर हे विचारायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागत नाही. केवायसीच्या नियमातच आहे की ग्राहकाच्या नेहमीच्या वागण्याशी न जुळणाऱ्या व्यवहारावर लक्ष ठेवा. आणि आरटीजीएसला आता समोरच्या खात्याचं नाव दिसायची सोय पण झालीय, तेव्हा ते नाव त्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा. "काका, सीबीआयचं खातं 'अमुक टेक्स्टाईल्स' नावानं कसं काय असेल हो?" टेक्स्टाईल म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाची ट्यूब पेटतीच.

हे जमतंय, जमत नाही असं नाही. हैदराबाद काय लांब नाही आपल्याला, तिथं नोव्हेंबर 2024 मध्ये स्टेट बँकेच्या एका शाखेत एक वयस्कर डॉक्टर एफडी मोडायला आले होते, काउंटरवरच्या लोकांना काहीतरी वेगळं वाटलं, त्यांनी विचारत विचारत वेळ काढला, शेवटी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावून दिला आणि 13 लाख वाचले. कुठलं मोठं सॉफ्टवेअर नव्हतं त्यात, चौकशी होती.

आणि तो 1930. सोलापूरकराला हा आकडा पाठ करायला लावायला नको, आपल्या गावात 1930 म्हणजे इंग्रजांनी लावलेल्या मार्शल लॉचं साल, शाळेतलं पोर पण सांगेल. म्हाताऱ्यांना तर तसंच सांगा, मार्शल लॉचं साल डायल करा. पण नंबर पाठ असून भागत नाही, लावायचा कधी हे कळायला पाहिजे. पैसे गेले की ते एका खात्यात बसत नाहीत, पहिल्या खात्यातनं दहा खात्यांत, तिथनं अजून पुढं, कमिशनवर खाती भाड्यानं देणारी पोरं असतात, त्यांच्याकडनं काढून घेतात नाहीतर क्रिप्टोत टाकतात. 1930 वर तक्रार नोंदली की ती पुढच्या बँकांना कळते आणि जेवढं मध्ये सापडेल तेवढं होल्ड होतंय. म्हणून पहिला तास महत्त्वाचा. आणि ह्या पहिल्या तासात आपल्याकडं काय होतंय, तर माणूस पळत तुमच्याकडं येतो, तुम्ही म्हणता सायबर पोलीस स्टेशनला जावा, तिथं म्हणतात तुम्ही मोहोळचे, तुम्ही ग्रामीण पोलिसांकडं जावा, ग्रामीणला म्हणतात आधी बँकेचं लेटर आणा. संध्याकाळ होते. साहेब, तुमच्या टेबलावरच्या फोनवरनं 1930 तुम्हीच लावा, सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार तिथंच बसून भरा, युटीआर म्हणजे व्यवहाराचा नंबर तुमच्या स्क्रीनवर असतोच, त्या माणसाला तो कुठं सापडणार. इंटरनेट नसेल तर समोर माझ्याकडं पाठवा, मी भरून देतो, पैसे घेत नाही.

आता जरा कडू बोलतो.

तुम्ही चोरापासनं सावध करायला गेलात तर म्हातारा तुमचं ऐकेल कशाला? त्याचा विश्वास तुमच्यावर असायला पाहिजे. आणि तो विश्वास तुम्हीच किती ठेवलाय ते माझ्या झेरॉक्स मशीनला विचारा. एक काकू आल्या, हातात जाड फाईल, म्हणाल्या बघ रे, एफडीची पावती जरा वेगळी दिलीय ह्या वेळी. पावती कसली, विमा पॉलिसी होती, दर वर्षी हप्ता भरायची, 10 वर्षं. वय 72. मिस्टरांच्या फंडाचे पैसे. "मॅडमनी सांगितलं एफडीपेक्षा जास्त मिळतंय, इथं सही करा, इथं करा, इथं करा." त्या मॅडम वाईट नाहीत, मला माहिती आहे, त्यांच्या मागं वरनं टार्गेट लावलेलं असतंय, मार्च आला की तुमचे चेहरेच सांगतात. पण काकूंच्या दृष्टीनं व्हिडिओ कॉलवाल्यानं गोड बोलून सही घेतली काय आणि ओळखीच्या मॅडमनी घेतली काय, पैसे अडकले ते अडकलेच. विमा पॉलिसी हातात आल्यापासनं 30 दिवसांत परत करता येते, फ्री लूक म्हणतात त्याला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुदत संपली नव्हती म्हणून अर्ज करता आला. मुदत संपलेले किती असतील.

माझी मागणी साधी आहे. 65 च्या पुढच्या माणसाची एफडी संपली की ती परत एफडीच करा, त्याला दुसरं काही विकायचं असेल तर त्या दिवशी सही घेऊ नका. कागद मराठीत घरी द्या, चार दिवसांनी मुलगा-मुलगी-सून कुणालातरी घेऊन या म्हणा. नाही आले तर समजा नको होतं. आणि त्यांना हे पण सांगून ठेवा की बँकेविरुद्ध तक्रार असेल आणि 30 दिवसांत बँकेनं उत्तर दिलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, 14448 वर माहिती मिळते, फी लागत नाही. तुमच्या भिंतीवर तो बोर्ड असतोच, पण एवढ्या बारीक अक्षरात आणि बरोबर कॅलेंडरच्या मागं!

पूर्व भागातल्या शाखांना वेगळं सांगायचंय. तुमच्याकडं येणाऱ्या आज्या विडी कामगार, आजोबा गिरणीतनं नाहीतर मागावरनं सुटलेले. पेन्शन किती, ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्यांची, किमान 1000 रुपये, ती पण 2014 पासनं तेवढीच. ह्यांना सीबीआयचा फोन येत नाही, ह्यांच्याकडं चोराला घ्यायला काही नाही असं वाटतंय ना? अंगठा आहे. आधारवर पैसे काढून देणारे जे पॉईंट असतात, त्यातले बरेच चांगले आहेत, पण काही माझ्याच लाईनीतले लोक अंगठा दोनदा लावून घेतात, "सर्व्हर आला नाही आजी, परत लावा", आणि आजीच्या हातात एकदाचेच पैसे. आजीला मेसेज जात नाही कारण खात्याला जोडलेला नंबर नातवाच्या जुन्या सिमचा, मेसेज गेला तरी इंग्रजीत. आणि पासबुक भरून घ्यायला तुमच्याकडं आली की मशीनवर कागद चिकटवलेला, 'मशीन बंद आहे'. तो कागद पिवळा पडलाय साहेब. पासबुक हे त्या बाईचं एकमेव सीसीटीव्ही आहे. ते मशीन चालू ठेवणं हे मला तुमच्या सगळ्या जनजागृती सप्ताहांपेक्षा मोठं काम वाटतंय.

त्यांच्याशी तेलगूत बोला, कन्नडमध्ये बोला, उर्दूत बोला. तुमच्या शाखेत शिपाई असतो, सफाईवाल्या मावशी असतात, त्यांना येतंय. हिंदीतलं पोस्टर लावून पद्मशाली आजीला काय कळणार. आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतंय, पैसे काढायच्या वेळी तेवढं उघडायचं, हे कुणीतरी तिच्या भाषेत एकदा दाखवायला पाहिजे.

घरातल्या लुटीबद्दल लिहू का नको असं झालं होतं, कारण ते कुणालाच आवडत नाही. पण तुम्ही पण बघता, मी पण बघतो. मुलगा आईला रिक्षातनं घेऊन येतो, विड्रॉवल स्लिपवर अंगठा घेतो, आई बाकड्यावर, पैसे त्याच्या खिशात, आणि पुढच्या वेळी आई माझ्याकडं येऊन विचारते खात्यात किती राहिलंय बघून सांग. आजारी, हालता न येणाऱ्या माणसाच्या अंगठ्याला दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा माणूस पाहिजे, हा तुमचाच नियम आहे. तर तो साक्षीदार नुसता सहीपुरता होऊ नका. मुलाला जरा बाहेर फॉर्म आणायला पाठवा आणि आईला विचारा, हे पैसे कशाला, तुमच्या मनानं काढताय का. ती काहीतरी बोलेलच. सगळ्याच वेळी मुलगा चोर असतो असं नाही, दहातले आठ खरंच दवाखान्यालाच नेत असतील, त्यांना प्रश्नाचा राग यायचं कारण नाही. 70 च्या पुढच्यांना घरपोच बँकिंग द्या असं रिझर्व्ह बँकेनं 2017 सालीच सांगितलंय, ते दिलं तर निम्मे अंगठे घरातच, तुमच्या माणसासमोर होतील.

आणि घर-जमीन लिहून घेऊन नंतर बघत नाहीत असं कुणी तुमच्यासमोर रडलं तर "कोर्टात जावा" म्हणून सोडून देऊ नका. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, त्याच्या कलम 23 खाली, सांभाळायच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र सांभाळलं नाही तर रद्द होऊ शकतंय, आणि त्याला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं फिरायला लागत नाही, प्रांत साहेबांकडं अर्ज करायचा. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाईन आहे, तिथं पण सांगतात.

पतसंस्थांबद्दल फार लिहित नाही, त्यांना वेगळं पत्र लागेल. फक्त एक, तुमच्याकडनं एफडी मोडून कुणी जास्त व्याजासाठी पतसंस्थेत नेत असेल तर त्याला एवढं तरी सांगा की बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. मग त्याची मर्जी.

काही शाखा चांगलं करतात, मला माहिती आहे. एक कॅशियर दादा आहेत, ते मोठी रक्कम काढणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला "काय कार्य काढलंय का घरात?" एवढं विचारतातच, लग्न असलं तर पत्रिका मागतात. लोकांना वाटतं गप्पिष्ट आहेत. त्यांची बदली करू नका.

बाकी राहिलं पोस्टर. ते मी करतो. मराठी, तेलगू, कन्नड, उर्दू चार भाषांत, मोठ्या अक्षरात, मध्ये 1930, खाली एकच ओळ, 'कुणाला सांगू नका असं फोनवर कुणी म्हटलं तर आधी आम्हाला सांगा'. तेलगू आणि कन्नड मजकूर दोन रिटायर्ड शिक्षकांकडनं तपासून घेतलाय, उर्दूचा तेवढा बाकी आहे. प्रिंटचा खर्च माझा, कुठल्याही बँकेचा लोगो टाकत नाही म्हणजे तुम्हाला वरची परवानगी काढायला नको. कॅश काउंटरच्या काचेला, बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर येईल असं लावू द्या, कॅलेंडरच्या मागं नको. सोमवारी गर्दी असती, मी मंगळवारी दुपारी एक एक शाखा करत येतो. चिकटपट्टी घेऊन येतो, ती नाही म्हणून परत पाठवू नका.

तुमचा,
बँकेसमोरचा झेरॉक्सवाला, सोलापूर